मिठीचा रंग कुठला?

मुंबईतल्या मिठी नदीचं पाणी रंगवायचं म्हणून मी पॅलेटवर काय काय काढलं होतं सांगू? पेन्स ग्रे, सेपिया आणि चिमूटभर सॅप ग्रीन. काळपट काहीतरी होणार हे गृहीतच धरलेलं. आम्ही चौघं, चित्रं काढणारे दोघं, एक फोटोवाला आणि एक केमिस्ट्री शिकवणारी मैत्रीण, ठरलं असं की विहार तलावाच्या खालून माहीमपर्यंत चालत जायचं आणि नदीवर 'काहीतरी' करायचं, आता ते काहीतरी म्हणजे काय हे पहिले तीन रविवार कोणालाच माहीत नव्हतं. आई म्हणाली, नदी कसली, नाला आहे तो, घरात शिरायच्या आधी पाय धू.

तशी ती विहार आणि पवई तलावाच्या ओव्हरफ्लोवर सुरू होते, जेमतेम १८ किलोमीटर, मध्ये विमानतळाच्या रनवेखालून पण जाते. आरेच्या बाजूला पाणी चक्क वाहताना ऐकू येतं. तिथे मैत्रिणीने बॅगेतून काचेच्या झाकणाची बाटली काढली, ३०० मिलीची, पाण्यातला ऑक्सिजन मोजायची, तिला बीओडी बाटली म्हणतात. नळी तळाला लावून सावकाश भरायची, बुडबुडा एकही राहता कामा नये, राहिला की ती चिडते आणि परत पहिल्यापासून. मग मँगनीज सल्फेट, मग अल्कलाइन आयोडाइड, झाकण लावून बाटली उलटसुलट करायची. आणि आत तपकिरी साका धरायला लागला! पावसाळी ढग जसा जमतो ना तसा, पण उलटा, वरून खाली बसत जाणारा. बर्न्ट सिएनात थोडा पिवळा घातला तर अगदी तोच रंग. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मँगनीजला लागतो म्हणून तो तपकिरी होतो. विंकलर नावाच्या हंगेरियन माणसाने १८८८ साली ही पद्धत काढली, आणि आम्ही आर्ट स्कूलमध्ये पाच वर्षं रंग घोटले पण हे कोणी दाखवलं नाही.

कुर्ल्याला पुलावरून दोरीने बादली सोडली. वास असा की फोटोवाला नाकाला रुमाल लावून उभा, शॉट सगळे हललेले. एक आजोबा थांबले, काय मोजताय विचारलं, ऑक्सिजन म्हटल्यावर हसले, म्हणाले २६ जुलैला यायचं होतंत, आणि हात डोक्याच्या वर नेऊन पाणी कुठवर होतं ते दाखवलं. त्या दिवशी, २००५ साली, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आजोबा गेले तसेच भाजी घेऊन.

इकडे बाटलीत दोन्ही थेंब पडले होते आणि साका बसत होता. पांढराशुभ्र. दुधासारखा.

मी म्हटलं, "अगं, पांढरा म्हणजे चांगलं ना?"

"नाही गं. पांढरा म्हणजे ऑक्सिजनच नाही. लिटरला ४ मिलिग्रॅम तरी लागतो माशांना, इथे रंग धरायलाच काही नाही."

मी पेन्स ग्रेची ट्यूब बंद करून ठेवली ती नंतर उघडलीच नाही.

अमेरिकेत ओहायोमध्ये जॉन सॅब्रॉ नावाचा चित्रकार आणि गाय रीफलर हा इंजिनिअर मिळून बंद पडलेल्या कोळसा खाणींतून ओढ्यात येणाऱ्या लालसर पाण्यातून लोखंडाचा ऑक्साइड काढतात, त्याचे रंग बनवतात, आणि पाणी पण सुधारतं. हे वाचून मी कुर्ल्याचा गाळ वाळवून त्यात डिंक घालायचा बेत केला होता. मैत्रिणीने सरळ नाही म्हटलं, त्यात काय काय धातू आहेत ते तपासल्याशिवाय हात लावायचा नाही. राग आला होता खरं तर. तिला दिसतो धोका, मला दिसतो रंग, आणि बरोबर तीच असते, हे फार त्रासदायक आहे.

मग प्रदर्शन. आधी बाटल्याच रांगेत मांडायचं ठरलं, आरे ते माहीम. आदल्या रात्री कुर्ल्याचं झाकण मी नीट लावलं नाही, हवा आत गेली आणि सकाळी वरचा थर तपकिरी! म्हणजे आम्ही झोपेत मिठी शुद्ध केली. मैत्रीण माझ्याशी तासभर बोलली नाही, मग म्हणाली तसंही यात कॉस्टिक आहे, सोसायटीच्या हॉलमध्ये पोरांच्या हाताला लागेल असं ठेवायचंच नव्हतं.

म्हणून शेवटी कागदाच्या सात पट्ट्या केल्या. प्रत्येक ठिकाणच्या बाटलीत साका बसला त्या क्षणी शेजारी धरून मारलेला रंग, बाकी काही नाही. आरेची गडद, पुढे पुढे फिकट. दुसऱ्या मजल्यावरचे काका चष्मा वर करून सगळ्या पट्ट्या बघत गेले, पाचवीपाशी थांबले.

"ही रंगवायची राहिली का गं?"

"नाही काका, हे कुर्ला."