नेब्रास्कातलं मातीचं घर, 1/32 डायोरामा : अपडेट 3

मंडळी, दीड महिन्यांनी अपडेट टाकतोय, सगळा वेळ भिंतींनीच खाल्ला. नवीन लोकांसाठी थोडक्यात: 1873 ला अमेरिकेतल्या नेब्रास्कात होमस्टेड कायद्याखाली (तिथे राहून कसणाऱ्याला सरकारी जमीन) 160 एकर घेतलेल्या एका जर्मन शेतकऱ्याचं घर करतोय, खऱ्याच्या 1/32 आकारात, आजूबाजूच्या देखाव्यासकट, म्हणजे डायोरामा. माणूस माझ्या मनातला, पण त्याच्या भोवतीचं सगळं खरं ठेवायचं ठरवलंय. अमेरिकेच्या यादवी युद्धात तो 32 व्या इंडियाना रेजिमेंटमध्ये तीन वर्षं होता, ही जर्मन लोकांची पलटण, कर्नल ऑगस्ट विलिखची, हुकूम सुद्धा जर्मनमधून सुटायचे.

तिकडे माळरानावर झाडच नाही, म्हणून गवताच्या मुळांसकट नांगराने जमीन कापून त्या लाद्यांनी घर बांधायचे. खरी लादी 3 फूट लांब, 1 फूट रुंद, 4 इंच जाड, म्हणजे आपल्या मॉडेलमध्ये 28 x 9.5 x 3 मिमी. शाडू, कोकोपीट, फेविकॉल आणि मुळांसाठी बारीक कातरलेली सुतळी. पहिल्या दोनशे लाद्या गच्चीत कडक उन्हात ठेवल्या, सगळ्यांना तडे गेले, खूप वाईट वाटलं. दुसरा घाणा घट्ट मळला आणि सावलीत ओल्या फडक्याखाली दोन दिवस वाळवला, आता एकही तडकत नाहीये. रचताना गवताची बाजू खाली, दोन लाद्या शेजारी शेजारी, सांधमोड करत (सांध्यावर सांधा येऊ न देता), आणि दर तिसरा थर आडवा. भिंत मग दोन फूट जाड होते, हे खिडकीच्या खोल कोनाड्यात इतकं सुंदर दिसतं की मी रोज टॉर्च मारून बघतो.

आता वेदरिंग, म्हणजे ऊन-पावसाने झिजल्यासारखं दाखवणं, माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. जमीन नावावर व्हायला पाच वर्षं राहावं लागायचं, पण 1872 च्या कायद्याने सैनिकांची नोकरीची वर्षं त्यातून वजा व्हायला लागली. याची तीन गेली, उरली दोन! म्हणजे 1875 ला दोन साक्षीदार घेऊन तो कागद करायला जाणार तेव्हा घर दोनच वर्षांचं आहे. म्हणून कोपरे फार झिजवलेले नाहीत, फक्त खाली पावसाच्या शिंतोड्यांचा पातळ रंगाचा वॉश दिलाय आणि छपरावर थोडं गवत उगवलंय. युद्धातली तीन वर्षं या भिंतीच्या कमी झिजेत दिसली पाहिजेत, माझा सगळा जीव त्यात आहे.

मधे 1874 ची टोळधाड येते. टोळांनी पीक तर खाल्लंच, घोड्यांच्या सामानाचं चामडं पण कुरतडलं. म्हणून खुंटीवरचा लगाम कडेने खडबडीत केलाय.

आत छताखाली माती पडू नये म्हणून कापड ताणायचे, तिथे मांजरपाट लावलंय, चहाच्या पाण्यात बुडवून. चुलीपाशी रानशेण्यांची पाटी, जळण तेच होतं. रेफरन्सला फोटोग्राफर सॉलोमन बुचरचे फोटो आहेत, 1886 पासूनचे, त्यात लोक घरातल्या वस्तू अंगणात मांडून उभे आहेत, झूम करून बघाच.

माणसाची फिगर अजून बाकी आहे, अंगावर जुना फिका निळा सैनिकी ओव्हरकोट, कोपराला ठिगळ. 1/32 मध्ये ठिगळाचे टाके कोणी ब्रशने काढलेत का, कुठला नंबर वापरलात ते सांगा, मी ट्रिपल झिरो (000) ब्रशने दोनदा प्रयत्न केला, रेघ जाडच येते.