चादर गेली, चादर आली

देशात ऑनलाइन खरेदी किती वाढली याची बातमी पेपरात आली की आमचे हे मोठ्याने वाचून दाखवतात. मी त्या वेळी बहुतेक परत आलेलं पार्सल मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर फोडत असते. बातमी खोटी नसते, पण ती माल घराबाहेर पडतानाची असते. परत येणाऱ्या मालाची बातमी कुणी छापत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आम्ही सोलापूरचे. चादरी आणि टॉवेल विकतो. सोलापुरात राहून दुसरं काय विकणार! दुकान सासऱ्यांच्या वेळचं. माल पूर्व भागातल्या ओळखीच्या कारखानदारांकडून येतो. लॉकडाऊनमध्ये शटर खाली होतं आणि माल गादीवर पडून होता, तेव्हा मी घरी बसून दोन-तीन ॲपवर सेलर म्हणून नोंदणी केली. तेव्हापासून दुकान ह्यांचं आणि ऑनलाइन माझं, अशी वाटणी आहे. भांडणं कमी होतात.

बाहेरच्यांना वाटतं ऑर्डर आली म्हणजे विक्री झाली. तसं नसतं. माल पोचला म्हणजे विक्री झाली, असंही नसतं. परत करायची मुदत संपते त्या दिवशी चादर विकली गेली असं मी वहीत लिहिते, तोवर ती जांगड. पूर्वी व्यापारी ओळखीच्या गिऱ्हाइकाला माल घरी न्यायला द्यायचे, आवडला तर ठेवा, नाहीतर आणून द्या. आता तीच सोय देशातल्या कुठल्याही अनोळखी माणसाला आहे आणि तिचा खर्च ज्याची चादर आहे त्याच्या डोक्यावर.

याचं मूळ कॅश ऑन डिलिव्हरीत (सीओडी), म्हणजे माल दारात आल्यावर पैसे देण्यात आहे. फ्लिपकार्टने २०१० मध्ये ती सुरू केली आणि आपल्याकडची ऑनलाइन खरेदी खऱ्या अर्थाने तिथून पसरली. तोवर बहुतेक कार्डवाल्यांपुरताच मामला होता. २०१३ ला ॲमेझॉनचं भारतातलं दुकान उघडलं, त्यांनाही हीच वाट धरावी लागली. मी हे कौतुकाने सांगत होते तेव्हा आप्पा, म्हणजे सासरे, म्हणाले, "यात नवीन काय? व्हीपी आहे ही." खरंच आहे. पोस्टाची व्हॅल्यू पेएबल सेवा १८७७ पासूनची. पोस्टमन पार्सल दारात आणणार, पैसे घेणार, मग माल हातात देणार, आणि पैसे मनिऑर्डरने विकणाऱ्याकडे. घेणाऱ्याने "नको" म्हटलं की पार्सल उलट्या पावली माघारी. मासिकांतल्या जाहिराती बघून लोक घड्याळं, औषधं, पुस्तकं अशीच मागवत. आप्पांच्या दुकानातूनही व्हीपीने चादरी जायच्या. परत आलेल्या पार्सलांचा एक कोनाडा तेव्हाही होता म्हणे.

जाणकार लोक सांगतात की लोकांकडे डिजिटल पैसा आला की सीओडी संपेल. डिजिटल पैसा तर आला. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी स्वस्त डेटा आला, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. आज आमच्या गल्लीतला शेंगदाणेवालासुद्धा क्यूआर लावून बसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे महिन्याचे व्यवहार २० अब्जांवर गेले. आणि तरी माझ्या बहुतेक ऑर्डरी सीओडीच आहेत. गंमत म्हणजे पार्सल दारात आलं की तोच माणूस डिलिव्हरीवाल्याच्या मोबाइलवरचा क्यूआर स्कॅन करून यूपीआयनेच पैसे देतो. मोबाइलमधले पैसे तो आदल्या दिवशीही देऊ शकत होता. त्याला पैसे द्यायला अडचण नाही, त्याला आधी द्यायचे नाहीत.

आणि मी त्याला दोष देत नाही. ऑनलाइन "सोलापुरी चादर" शोधून बघा. पहिल्या पानावर काय काय येतं! पॉलिस्टरची पातळ, वास मारणारी चादर, तिच्यावर आमचंच नाव. सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळून कैक वर्षं झाली, पण शोधाच्या चौकटीत मानांकन कुणी तपासत नाही. खरी सुती जकार्ड चादर, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली, हातात घेतली की वजनच सांगतं, नक्षी दोन्ही बाजूंनी उठते, फक्त रंग उलटे होतात. हे फोटोत कसं दाखवू? मी उलट बाजूचा फोटो टाकला तर एकाने विचारलं, "दोन वेगळ्या चादरी आहेत का?" ज्याने एकदा त्या पॉलिस्टरला पैसे मोजलेत तो पुढच्या वेळी आधी पैसे देणार नाही. फसवतो तो दुसराच आणि हमी मी द्यायची.

आता पार्सल परत कसं येतं ते सांगते. काही वेळा ग्राहकाने उगाच बटण दाबलेलं असतं. मी ऑर्डर आल्यावर फोन करते, जिथे नंबर दिसतो तिथे. "हां, मुलाने केलं असेल," असं शांतपणे सांगतात. काही वेळा दारात पार्सल येईपर्यंत मन बदलतं. काही वेळा डिलिव्हरीवाला गेलेलाच नसतो आणि ॲपवर "ग्राहक उपलब्ध नाही" उमटतं. त्या पोरांवर मी रागवायची, आता कमी रागावते. पार्सलमागे पैसे, पेट्रोल स्वतःचं, वर ऊन सोलापूरचं! संध्याकाळी आकडा पुरा करायचा तर एखादं लांबचं घर ते गाळणारच.

शिवाय पत्ता. पत्ता हा आपल्याकडे वाचायचा प्रकार नाही, विचारायचा आहे. "जुन्या पाण्याच्या टाकीजवळ, मारुती मंदिराच्या मागे, आल्यावर फोन करा." एकाने पत्त्याच्या रकान्यात फक्त "एसटी स्टँडला येतो" लिहिलं होतं, आणि तो आलाही. सगळा डोलारा उभा आहे तो पिनकोडवर. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, श्रीराम भिकाजी वेलणकर या पोस्टातल्या मराठी अधिकाऱ्याच्या डोक्यातून. संस्कृतमध्ये काव्य-नाटकं लिहिणारा माणूस! आकडे सहा, पहिला विभागाचा, आपला ४. पण पहिले तीन, आमचे ४१३ घ्या: सोलापूर, पंढरपूर, धाराशिव, लातूर आणि तिकडे बारामतीसुद्धा त्यातच. सहाही आकड्यांनी पत्र पोस्ट ऑफिसपर्यंत पोचायचं, पुढे पोस्टमनला घरंच पाठ असायची. कुरिअरच्या पोराला गाव पाठ नसतं, तो महिन्या-दोन महिन्यांत काम सोडतो. आता टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणलाय, चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरी क्रमांक. चांगली गोष्ट आहे. अजून एकाही ऑर्डरवर मला तो दिसलेला नाही.

माल परत आला की भाड्याचा हिशेब सुरू होतो. दारातूनच माघारी आलेल्या पार्सलचं भाडं काही ठिकाणी घेत नाहीत, ग्राहकाने फोडून मग परत केलं तर घेतात. काही ठिकाणी दोन्ही भाडी आपल्याच माथी. आमच्या एका चादरीमागे साठ-सत्तर रुपये सुटतात. एक चादर परत आली की दोन विकलेल्या चादरींचा नफा पुसला जातो, आणि घडी मोडली ती वेगळीच. २०२१ मध्ये मीशो या ॲपने विक्रेत्यांचं कमिशन शून्य केलं तेव्हा आमच्या बाजारात जो तो खूष होता. मीही होते. पण कमिशन हा खर्चातला छोटा तुकडा. मोठा तुकडा टेम्पोत फिरत असतो.

भाड्यावरून आठवलं. चादर ही जात फुगीर. कुरिअरवाले खरं वजन आणि आकाराचं वजन यातलं जे जास्त ते धरतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. आमची सिंगल चादर काट्यावर दीड किलोच्या आत. पण दुकानातल्या सवयीने घडी घातली तर पार्सल होतं ४० बाय ३० बाय १२, म्हणजे २.८८ किलो, म्हणजे तीन किलोचं भाडं. मग मी आणि आमची पॅकिंगवाली मावशी बसलो. आधी लांबीत तीन पदर, मग घट्ट गुंडाळी न करता चपटी घडी, वर गुडघा दाबून हवा काढायची, सुतळीने नाही तर कापडी पट्टीने आवळायची, कारण सुतळीचा व्रण उठतो आणि ग्राहक "डिफेक्टिव्ह" लिहितो. मग पिशवी. आता होतं ३६ बाय २८ बाय ८, १.६१ किलो, म्हणजे दोन किलोत बसते. मावशीला सूत्र ठाऊक नाही, पण पिशवी हातात घेतल्या घेतल्या "ही तीनात जाईल, परत घाला" म्हणते, आणि चुकत नाही.

परत आलेलं पार्सल फोडायचं तेही चित्रीकरण करत. आधी लेबल कॅमेऱ्यात, मग सगळ्या बाजू, मग कात्री, मध्ये व्हिडिओ थांबवायचा नाही. पोरगा बारावीत आहे, मोबाइल धरून उभा राहतो आणि दर वेळी पैज लावतो आत काय निघेल. नवीन चादरीऐवजी जुना टॉवेल निघालाय. धुतलेली चादर निघालीय, निळ्या साबणाच्या वासासकट. एकदा लग्नघराने गठ्ठ्याने चादरी मागवल्या. मी खूष. आठवड्याच्या आत सगळ्या परत, कारण म्हणून लिहिलं होतं "रंग आवडला नाही". घड्यांत अक्षता! वऱ्हाड झोपून गेलं आणि चादरी माहेरी आल्या. तक्रार केली, व्हिडिओ जोडला, उत्तर आलं की पुरावा पुरेसा नाही. कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही. थोड्याफार फरकाने सगळीकडे तसंच आहे. समोर माणूस नसतो, तिकीट नंबर असतो, आणि तो बंद झाला की बंद झाला.

सरकारी बाजू थोडक्यात. जीएसटीत ॲपवाले आमच्या विक्रीतून अर्धा टक्का कापून भरतात (१० जुलै २०२४ च्या आधी एक टक्का होता), आयकरापोटी आणखी ०.१ टक्का. ते नंतर आपल्या खात्यात धरता येतं, पण तोवर पैसा अडकतो. शेजारची वहिनी शेंगा चटणी करते. तिला आधी ऑनलाइन विकायचं तर एका डब्यासाठीसुद्धा जीएसटी नंबर सक्तीचा होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना ती सक्ती उठली, मात्र माल राज्यातल्या राज्यातच विकायचा. म्हणजे तिची चटणी गडचिरोलीला जाऊ शकते, पण इथून तास-दोन तासांवरच्या, कर्नाटकातल्या विजयपूरला नाही. सोलापुरात कन्नड बोलणारी घरं कितीतरी, पाहुणे सगळे तिकडे, आणि चटणीला मात्र सीमा. ओएनडीसीचाही गाजावाजा झाला होता, कुणा एकाच्या मालकीचा नसलेला ऑनलाइन बाजार म्हणून. कल्पना पटते. आमच्याकडे ऑर्डरी मोजक्याच आल्या.

एवढं सगळं असून मी बंद का करत नाही, असं नणंद विचारते. दिमापूरहून टॉवेलची ऑर्डर येते. कोळिकोडहून येते. आप्पांनी जन्मात तिकडे माल पाठवला नव्हता. शिवाय एक गोष्ट व्यापारी घरातल्यांनाच कळेल: घाऊक गिऱ्हाईक माल उचलतं आणि पैसे तीन महिन्यांनी, कधी सहा, कधी पुढच्या वर्षी गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला भेटल्यावर देतं. ॲपवाले कापाकापी करतात, पण उरलेले पैसे ठरल्या दिवशी बँकेत येतात. ह्यांच्या उधारीच्या वहीशेजारी माझं बँक स्टेटमेंट ठेवलं की ह्यांचा आवाज खाली येतो.

आणि खरा आधार आहे व्हॉट्सॲपचा, जो कुठल्याच अहवालात मोजला जात नसावा. ॲपवरून एकदा घेतलेलं गिऱ्हाईक पिशवीवरचा दुकानाचा नंबर बघून थेट मेसेज करतं. पुण्या-मुंबईत गेलेली सोलापूरची माणसं आहेत, त्यांच्या सोसायटीतल्या बायका आहेत. मी सकाळी स्टेटसला फोटो टाकते, उजेडात, दारातल्या कट्ट्यावर चादर पसरून. ऑर्डर, यूपीआय, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल. सकाळी तिकडचा माणूस स्टॉपवर जाऊन उचलतो. यातलं क्वचितच काही परत येतं. तीच चादर, तोच भाव, पण इथे "माझ्या जावेने घेतली होती" असं कुणीतरी मध्ये असतं. कंपन्यांनी रेटिंगचे तारे लावून या जावेची जागा भरायचा प्रयत्न केलाय. पण तारे विकत मिळतात हे गिऱ्हाइकालाही माहीत आहे.

सीओडी बंद करा असं माझं म्हणणं नाही. घेणाऱ्याच्या हातात तेवढंच एक शस्त्र आहे, ते काढून घेतलं तर तो घेणारच नाही. पण दोन वेळा दारातून माल परत पाठवणाऱ्याला तिसऱ्या वेळी निम्मे पैसे आधी मागता आले पाहिजेत, आणि कुणाकडून मागायचे हे ठरवायची मुभा विकणाऱ्याला हवी. ही माहिती ॲपवाल्यांकडे असते. आमच्या पडद्यावर फक्त नाव, पत्ता आणि कुठे कुठे नंबर दिसतो. ऑर्डर नको असेल तर पाठवायच्या आधी रद्द करा, कुणाचं काही जात नाही. फोन आला तर "हो हो, पाठवा" म्हणून ठेवू नका.

लग्नसराई तोंडावर आली आहे. डबलबेडच्या चादरी मी ॲपवरून काढून टाकल्या आहेत, त्या कितीही दाबल्या तरी तीन किलोच्या खाली येत नाहीत. हव्या असतील तर दुकानात या, नाहीतर व्हॉट्सॲप करा. पैसे आधी.