वेडाचं सोंग घेतलं की सुटतात का?

मी मनोविकारतज्ज्ञ आहे हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो: "काय हो डॉक्टर, खून करायचा, वेडाचं सोंग घ्यायचं आणि सुटायचं, इतकं सोपं असतं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोंग घेता येतं, पण वॉर्डात चोवीस तास नजरेखाली ते निभावणं कठीण. सोंग घेणारा आजार मिरवतो. दोन अधिक दोन मुद्दाम पाच सांगतो, कानात आवाज येतात हे न विचारता ऐकवतो आणि रात्री गाढ झोपतो. खरा पेशंट बहुतेक वेळा "मला काही झालेलं नाही" म्हणून आमच्यावरच उखडतो.

बरं, आजार खरा निघाला तरी भागत नाही. कृत्य करताना आपण काय करतोय, ते चूक आहे, हे त्याला कळत होतं का, हे कोर्ट बघतं. ही कसोटी १८४३ची. लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली, बहुधा पील समजून. सत्ताधारी पक्ष आपल्या जिवावर उठलाय, असा त्याचा भ्रम होता. तो निर्दोष ठरला, गदारोळ झाला आणि न्यायाधीशांनी नियम घालून दिले. आपल्या जुन्या दंड संहितेचं कलम ८४ त्याच वळणाचं; तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेत ते आता कलम २२ आहे.

म्हणून सरकारी वकील विचारतात: हत्यार लपवलं का? रक्ताचे कपडे धुतले का? पळाला का? लपवलं म्हणजे कळत होतं! इथे माझं कोर्टाशी जमत नाही. आपल्याविरुद्ध कट चाललाय आणि पोलीसही त्यात सामील आहेत अशी ज्याची खात्री आहे, तो कोयता लपवणारच. लपवण्यामागचं कारणही आजारातलंच असू शकतं, पण उलटतपासणीत हे समजावायला मला "हो की नाही" एवढीच जागा मिळते.

राहिलं सुटणं. मॅकनॉटन घरी गेला नाही. आधी बेथलेम, मग ब्रॉडमूर अशा वेड्यांच्या इस्पितळांत १८६५मध्ये मरेपर्यंत राहिला. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर १९८१मध्ये गोळ्या झाडणारा जॉन हिंकली पुढच्याच वर्षी निर्दोष ठरला, पण आईकडे राहायला जायची परवानगी त्याला २०१६मध्ये मिळाली. कोर्टाच्या सगळ्या अटी उठायला २०२२ उजाडलं.