दिव्यांग डब्यातले साहेब

सकाळची सीएसएमटी धीमी लोकल. घाटकोपरला मी तिकीट तपासायला दिव्यांग डब्यात चढले. टीसी दिसली की या डब्यातली धडधाकट माणसं एकदम खिडकीबाहेर बघायला लागतात. हे साहेब मात्र माझ्याकडेच रोखून बघत होते. शेजारच्या सीटवर त्यांची बॅग, बॅगेपाशी उभा शिपाई. दाराशी डोक्याला स्कार्फ बांधलेली एक बाई टाटा हॉस्पिटलची फाईल धरून ताटकळत होती. कॅन्सरच्या रुग्णांना या डब्यात मुभा आहे. परळला उतरणारे असे कितीतरी जण आम्हाला रोज भेटतात.

साहेबांनी आधी ओळखपत्र दाखवलं, मग फर्स्ट क्लासचा पास. तो इथे चालत नाही, उठा, असं मी सांगितलं. रेल्वे कायदा १९८९, कलम १५५. राखीव जागा सांगूनही सोडली नाही तर ५०० रुपयांपर्यंत दंड होतो.

"नाव काय तुमचं? कोणाच्या हाताखाली काम करता?" त्यांनी फोन काढला. आमच्या नोकरीत ही धमकी पोकळ नसते. दोन लहान मुलं असलेल्या बाईला बदली म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक.

"मॅडम, हा आवाज नवीन आहे. कोण आहेत?" फलाटावर दिव्यांग डबा थांबतो तिथे वाजणाऱ्या बीपच्या अंदाजाने रोज हाच डबा गाठणारे एक अंध काका काठी टेकत उठले.

शिपाई खेकसला, "कोणाशी बोलताय कळतंय का?"

"दिसत नाही, म्हणूनच विचारतोय. साहेबांचं नाव सांगा."

साहेब गप्प. कुबडीवाल्या मुलाने रेल्वेच्या हेल्पलाइनचा १३९ नंबर लावला होता. त्यालाही तक्रारीत नावच हवं होतं. मग सगळा डबाच विचारू लागला, नाव सांगा, नाव सांगा. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात लावला नाही. माझं नाव दरडावून विचारणाऱ्या माणसाला स्वतःचं मात्र सांगवेना.

कुर्ल्याला आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा, जवान दाराशी येताच साहेब उतरले. स्कार्फवाल्या बाईंना खिडकीची जागा मिळाली.

साहेबांनी तक्रार केलीच. मला लेखी खुलासा द्यावा लागला. पण त्याच आठवड्यात डब्यातल्या प्रवाशांचा अर्जही वर पोचला. सह्या होत्या, अंगठेही होते. त्यात लिहिलं होतं, "टीसी मॅडमना जाब विचारणार असाल तर आम्हालाही बोलवा. आम्ही सगळे येऊ."