न हलणारा लायडार: झोत वळवणे सोपे, बारीक ठेवणे कठीण

लायडारने अंतर मोजण्यासाठी लेसरचा स्पंद सोडायचा, तो आदळून परत यायला लागलेला वेळ मोजायचा, त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणायचे आणि येणारे उत्तर निम्मे करायचे. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, म्हणून वेळ मोजण्यात तेवढीच चूक झाली तरी अंतर १५ सेंटिमीटरने चुकते. मात्र हे मोजमाप एकाच बिंदूचे असते. संपूर्ण दृश्य टिपायचे तर झोत फिरवावा लागतो आणि त्यासाठी आजवर मोटर किंवा आरसे वापरले गेले. (चिपवरचे सूक्ष्म आरसेही हलतातच, तेव्हा काही जण त्यांनाही ‘न हलणारे’ म्हणतात ते मला पटत नाही.)

ऑप्टिकल फेज्ड अॅरेमध्ये खरोखर काहीच हलत नाही. एकाच लेसरचा प्रकाश सिलिकॉनच्या चिपवर अनेक वाटांनी विभागला जातो आणि प्रत्येक वाटेवरचा इवलासा हीटर सिलिकॉनचा अपवर्तनांक किंचित बदलून त्या वाटेवरच्या लहरीची फेज, म्हणजे तिचे चढउतार कोणत्या क्षणी येतात ते, मागेपुढे करतो. वाटांच्या टोकाला प्रकाश बाहेर सोडणाऱ्या सूक्ष्म अँटेना असतात; शेजारशेजारच्या अँटेनांमधून निघणाऱ्या लहरींच्या फेजमध्ये सारखा फरक ठेवला, की त्या ज्या दिशेला एकमेकींना बळ देतात त्या दिशेला झोत वळतो.

अडचण पुढे आहे. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीसाठी अँटेनांमधले अंतर ७७५ नॅनोमीटरपेक्षा जास्त नसावे, पण वाटा इतक्या जवळ आणल्या की एकीतला प्रकाश दुसरीत झिरपतो. अंतर २ मायक्रोमीटर ठेवले, तर मुख्य झोत सरळ समोर असताना सुमारे ५१ अंशांवर दोन्ही बाजूंना त्याच्या तोतया प्रती उमटतात आणि बाजूच्या वस्तूचा प्रतिध्वनी समोरचा म्हणून नोंदला जाऊ शकतो. अंतरे मुद्दाम असमान ठेवली तर हे तोतये विरतात खरे, पण त्यांची ऊर्जा मुख्य झोताला न मिळता सगळीकडे विखुरते.

झोताच्या रुंदीचा प्रश्न मला याहून अवघड वाटतो. १ मिलिमीटर रुंदीच्या अॅरेचा झोत १०० मीटरवर साधारण १५ सेंटिमीटर पसरतो. तो दीड सेंटिमीटरवर आणायचा तर सुमारे १ सेंटिमीटर रुंद अॅरे हवा, आणि आदर्श अंतराने एकाच ओळीत जवळपास १३ हजार अँटेना लागतात. त्यांपैकी प्रत्येकीची फेज सांभाळायची आणि हीटरची उष्णता शेजारी पोहोचू द्यायची नाही, हे काम सोपे नव्हे.

चिपमधून बाहेर पडणारी ऊर्जाही मर्यादित असते, म्हणून अशा अॅरेबरोबर बहुधा सलग लेसर वापरून त्याची वारंवारता सरकवत नेण्याची पद्धत निवडतात. परतलेला प्रकाश लेसरच्या ताज्या प्रकाशात मिसळला, की दोघांच्या वारंवारतेतील फरकावरून अंतर कळते, आणि वारंवारता एकदा चढती व एकदा उतरती ठेवली तर डॉप्लर परिणामामुळे वस्तूचा वेगही त्याच मोजणीत मिळतो.