राक्षसांच्या खाणीच्या शोधात: नोम कुलेन ते ता केओ

कंबोडियातल्या सिएम रीप शहरातल्या एका वाटाड्याने आम्हाला अंगकोरच्या प्राचीन देवळांसाठी ‘राक्षसांनी जिथून दगड उपटले ती खाण’ दाखवण्याचे कबूल केले, आणि दिवसभर हाडे खिळखिळी करून दाखवला तो नोम कुलेन या डोंगरावरच्या जंगलातला एका अखंड शिळेतून कोरलेला हत्ती. हत्ती सुंदर आहे, पण खाण नव्हे. कोणी हाच बेत आखत असेल, तर त्याने पुढचे वाचूनच पैसे काढावेत.

पहिली फसगत तिकिटाची. अंगकोरचा पास (एका दिवसाला 37, तीन दिवसांना 62 डॉलर) कुलेनवर चालत नाही. तिथे परदेशी माणसाला 20 डॉलरचे वेगळे तिकीट पडते. ‘सगळे त्यातच आले’ हे वाक्य आम्ही शहरात तीनदा ऐकले होते आणि तिन्ही वेळा त्यावर विश्वास ठेवला होता. दुसरी फसगत वाहनाची. ठरवलेली टुकटुक चढावर दमणार हे चालकाला आदल्या रात्रीही ठाऊक असणारच, तरी पायथ्याशी पोहोचल्यावर ते जणू आत्ताच उमगल्यासारखे त्याने मान हलवली, आणि आम्हाला त्याच्याच ओळखीच्या दोन मोटारसायकली माणशी 25 डॉलर देऊन घ्याव्या लागल्या. तेव्हा सरळ मोटार ठरवावी, आणि तिकीट, वरचा प्रवास व परतीचा प्रवास धरून एकच आकडा कागदावर लिहून घ्यावा. संकोच करू नये.

झोपलेल्या बुद्धाच्या देवळापासून हत्तीकडे, म्हणजे स्राह दामरेईला, जाणाऱ्या वाटेबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. ती वाट नव्हे, पिठासारख्या वाळूची नाळ आहे. मागचे चाक रुतते, पुढचे भलतीकडे वळते, आणि चालवणारा मुलगा पाय खाली सोडून गाडी अक्षरशः ढकलत नेतो. मेहुणा दोनदा पडला. मी एकदाच, पण बाभळीसारख्या कसल्याशा काटेरी झुडपात. तोंडाला बांधायला ओढणी किंवा पंचा, पूर्ण बंद बूट आणि माणशी तीन लिटर पाणी हवेच. लघुशंकेसाठीसुद्धा मळलेली वाट सोडू नये, कारण या डोंगरावर ख्मेर रूज या कंबोडियातल्या कट्टर साम्यवादी गटाचा तळ होता आणि पुरलेल्या सुरुंगांचा धोका ही तिथली ऐकीव गोष्ट नाही. ज्याची कंबर दुखते त्याने हा टप्पा गाळावा. धबधबा आणि बुद्ध पाहून खाली उतरावे. त्यांत काही विशेष सांगण्यासारखे घडत नाही.

राक्षसांची कथा वाटाड्याने रचलेली नव्हती, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल. 1860 मध्ये आंरी मुओ हा फ्रेंच प्रवासी अंगकोरला आला, तेव्हा हे कोणी बांधले या प्रश्नाला त्याला मिळालेल्या उत्तरांत ‘राक्षसांनी’ आणि ‘ते आपोआप झाले’ हीदेखील होती. त्याच्याही आधी, 1296 मध्ये आलेल्या चाऊ ता-कुआन या चिनी अधिकाऱ्याने अंगकोर नगराच्या दक्षिण वेशीबाहेरचा दगडी मनोरा लू बान या चिनी कारागिराने एका रात्रीत उभारल्याची समजूत नोंदवली आहे. ख्मेर, म्हणजे कंबोडियन, लोककथेत हेच श्रेय प्रेअह पिस्नुकारकडे, म्हणजे आपल्या विश्वकर्म्याकडे जाते. गावोगावच्या हेमाडपंती देवळांचे आणि लेण्यांचे श्रेय पांडवांच्या एका रात्रीला देणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये.

खाणी मात्र खऱ्या आहेत. कुलेनच्या आग्नेय पायथ्याला जपानी अभ्यासकांनी पन्नासहून अधिक खाणी शोधल्या, आणि तिथून अंगकोरपर्यंत सुमारे 35 किलोमीटरचा कालव्यांचा मार्ग 2012 च्या सुमारास मांडला. त्यापूर्वी दगड तोन्ले साप सरोवरावरून 90 किलोमीटरचा वळसा घेऊन येत असावेत असे मानले जाई. त्यामुळे ज्याला दगडाचे मूळ जवळून पाहायचे आहे, त्याने माथा सोडून त्याच बाजूच्या बेंग मिलिआला जावे. ते देऊळ कोसळलेल्या अवस्थेतच ठेवले आहे, त्यामुळे पडलेल्या चिऱ्यांवरची बोटभर रुंद, गोल भोके डोळ्यांसमोर येतात. त्यांत खुंट्या ठोकून चिरे उचलले जात. चुना नाही, दगडावर दगड घासून सांधा बसवलेला. अंगकोरातल्या बायॉन देवळाच्या आतल्या ओवरीत, पश्चिम अंगाला, चिरे ओढणारी आणि घासणारी माणसे कोरलेली आहेत, आणि ती आपल्यासारखीच बुटकी आहेत. अंगकोर थोम या तटबंदीच्या नगराच्या दक्षिण वेशीवर एका बाजूला 54 देव आणि दुसऱ्या बाजूला 54 असुर नाग ओढत बसले आहेत. तिथे सकाळी सातनंतर छायाचित्र काढण्याची हौस बाळगू नये.

शेवटच्या दिवशी अंगकोरातल्याच ता केओ या देवळाला गेलो. दहाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला हा पाच टप्प्यांचा मनोरा कोरीवकाम पुरे होण्याआधीच थांबला, म्हणून चिऱ्यांची बांधणी उघडी दिसते आणि माझ्या मते अंगकोरात हाच सर्वांत प्रामाणिक आहे. नऊच्या आत चढावे, नंतर दगड तळव्यांना भाजतो. पायऱ्या उंच आणि इतक्या अरुंद आहेत, की माझे साधे पाऊलही आडवे टाकावे लागले. राक्षस असता तर त्याला टाच टेकायलाही जागा नव्हती. उतरताना दगडाकडे तोंड करून, दोन्ही हात टेकवूनच उतरावे.