एमयूएनमधली तटस्थता

मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे मुलांच्या तोंडी रुळलेल्या 'एमयूएन'मध्ये, जिथे विद्यार्थी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांची सभा भरवतात, अध्यक्षाच्या टेबलामागे बसण्याचा योग मला अधूनमधून येतो. तेव्हा एक गोष्ट हमखास खटकते: समोरच्या पाटीवर ज्या देशाचे नाव आहे त्याला नेमके काय हवे आहे, यापेक्षा आपण किती ठासून बोललो याचीच काळजी अनेक प्रतिनिधींना अधिक असते.

याची सुरुवात हजेरीपासूनच होते. नाव पुकारल्यावर 'प्रेझेंट' किंवा 'प्रेझेंट अँड व्होटिंग' असे उत्तर द्यायचे असते आणि दुसरे उत्तर देणाऱ्याला ठरावावरील मतदानात तटस्थ राहता येत नाही. ते अधिक बाणेदार वाटते म्हणून बहुतेक मुले तेच देतात. युक्रेनवरील आमसभेच्या सत्रात भारताची पाटी मिळालेल्या एका विद्यार्थिनीनेही तेच दिले.

प्रत्यक्षात भारताने त्या प्रश्नावर काय केले? २५ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरक्षा परिषदेत रशियाच्या आक्रमणाविरुद्धच्या ठरावाच्या बाजूने ११ मते पडली, रशियाने नकाराधिकार वापरला आणि भारत, चीन व संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले. चीनने निदान विरोधात जाऊ नये म्हणून मसुदा आधीच सौम्य करून संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील, निर्बंध वा बळाच्या वापराची मुभा देणाऱ्या सातव्या प्रकरणाचा उल्लेख वगळण्यात आला होता. २ मार्चला आमसभेत १४१ विरुद्ध ५ असे मतदान झाले, तेव्हाही तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत होता. आपले शेजारी नेपाळ आणि भूतान मात्र ठरावाच्या बाजूने होते. तटस्थ राहणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. देशांचे सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडता यांचा आदर व्हावा, हे भारताने बोलून दाखवले होते आणि युक्रेनमध्ये अडकलेल्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांच्या सुटकेची चिंताही त्याच वेळी डोक्यावर होती.

आपण दोर कापून बसलो आहोत, हे त्या मुलीच्या लवकरच लक्षात आले. मग अनमॉडरेटेड कॉकसमध्ये, म्हणजे जागा सोडून आपापसांत मोकळी बोलणी करण्याच्या वेळेत, ब्लेझर घातलेल्या (आपल्या उन्हाळ्यात हा एक छळच) मुलांच्या घोळक्यात शिरून तिने मसुद्यातला निषेधाचा परिच्छेद मवाळ करून घेतला, युद्धक्षेत्रातून नागरिकांना सुरक्षित बाहेर काढण्याचे कलम घातले आणि त्यासाठी इतर प्रतिनिधींना चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्या पाठवल्या. भारताला सही करता येईल असा मसुदा तयार झाल्यावरच तिने बाजूने मत दिले. खऱ्या आमसभेतले बहुसंख्य ठराव अशाच घासाघाशीनंतर मतदानाविनाच संमत होतात.

बेस्ट डेलिगेटचा मान अर्थातच दणदणीत भाषणे करणाऱ्याला मिळाला. अध्यक्षमंडळाच्या हातून जाणाऱ्या चिठ्ठ्यांना गुण असतात, पण कॉकसमधली बोलणी कुणाच्याच कानावर पडत नाहीत. त्या वेळी अध्यक्षांनी खुर्ची सोडून घोळक्यात फिरावे आणि प्रत्येक मसुद्यात कोणते कलम कुणी बदलून घेतले याची नोंद ठेवावी, असे मी आयोजकांना सुचवले आहे.